मोतीरामचा सुट्टा

जबलपूरच्या सदर बाजारातल्या मोतीराम गजभियेच्या हॉटेलात दोन पाट्या होत्या. पहिली, 'उधार मना है'. दुसरी, 'यहाँ बीड़ी पीना मना है'. दुसरीच्या खाली त्याने खडूने स्वतःच्या हाताने दोन शब्द वाढवले होते आणि ते पुसट झाले की तो स्टुलावर चढून पुन्हा गिरवायचा. 'बाहर भी.'

हॉटेल म्हणजे तीन बाकडी, एक गल्ला आणि मागे सत्यभामेची भट्टी. सत्यभामा त्याची बायको. तिच्या हातचे तर्री-पोहे खायला छावणीतले पंजाबी, गढवाली, मद्रासी सगळे शिपाई यायचे. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक झणझणीत तर्री पडली की आलेला माणूस पहिल्या घासाला नाक पुसायचा, दुसऱ्या घासाला देव आठवायचा आणि तिसऱ्या घासाला म्हणायचा, "भाभीजी, थोड़ी और." प्लेट एक रुपया, चहा आठ आणे.

मोतीरामचे वडील अंबादास भंडाऱ्याकडून पोट भरायला जबलपूरला आले आणि इथलेच झाले. छप्पन साली राज्यांच्या नव्याने वाटण्या झाल्या. नागपूर, भंडारा मुंबईकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं. सगळे सोयरे तिकडे आणि गजभिये इकडे, असं होऊन बसलं. मोतीराम घरात मराठी बोलायचा, गल्ल्यावर हिंदी, आणि चिडला की दोन्ही एकदम. आपण कोणत्या वेळी कोणती भाषा बोलतो आहोत हे त्याला स्वतःला कळत नसे. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

विहारात पंचशील घेतलं तेव्हा भन्तेजींनी पाच नियम सांगितले होते. मोतीरामने आपल्या मनाने सहावा घातला. बिडी नाही. ओढायची नाही, विकायची नाही, ओढणाऱ्याला आपला एक पैसा लागू द्यायचा नाही. बिडी ओढणाऱ्या माणसाशी तो कामापुरतंच बोलायचा. त्यामुळे त्या लोकांचे शब्दही त्याला ठाऊक नव्हते. हेसुद्धा लक्षात ठेवायला हवं.

गोष्ट पंचाऐंशीच्या हिवाळ्यातली. बाजारातून चिल्लर गायब झाली. अठन्नी दिसली की माणूस ती उलटीपालटी करून पाहायचा, जणू पाहुणी आली आहे. सिहोऱ्याच्या बसचा एक कंडक्टर शंभराच्या नोटेवर पंच्याण्णवचीच चिल्लर द्यायचा आणि वर उपकार केल्यासारखा चहा प्यायचा. किराणावाले अठन्नीऐवजी लेमनच्या गोळ्या देऊ लागले, कोणी काडेपेटी द्यायचा, कोणी टपाल तिकीट.

"तुम्ही बी गोळ्या द्या न," सत्यभामा म्हणाली.

"तर्री खाल्लेल्या माणसाले गोळी? तोंडाचा सत्यानाश!"

"मंग काडेपेटी द्या."

"काडेपेटी बिडीची सख्खी बहीण आहे. माह्या गल्ल्यातून नाही जाणार थे."

मग मोतीरामने एक दिवस ट्रंक उघडली आणि तिच्या तळाचा चहाचा जुना डबा काढला. डब्यात पितळेचे बिल्ले होते, सदतीस. अंबादासचे.

हे बिल्ले म्हणजे गजभियेंच्या घरातलं जुनं गाऱ्हाणं. लढाईच्या काळात, त्रेचाळीस साली, अशीच चिल्लर गायब झाली होती. अंबादास तेव्हा छावणीत डिकोस्टा साहेबाच्या बेकरीत भट्टीवर होता. आठवड्याचा पगार तीन रुपये दोन आणे. साहेब रुपये रोख द्यायचा आणि वरच्या आण्यांचे बिल्ले. एका बाजूला साहेबाचं नाव, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'एक पाव'. बिल्ला दाखवला की बेकरीतून एक पाव मिळायचा. बाकीचे मजूर त्याच दिवशी पाव घेऊन खाऊन टाकायचे. अंबादास मात्र साठवायचा. बहिणीच्या लग्नात सगळ्यांना पाव खाऊ घालायचा, अशी त्याच्या मनात हौस. सदतीस बिल्ले झाले आणि एका सकाळी बेकरीला कुलूप. साहेब बायकोपोरं घेऊन निघून गेला होता.

त्यानंतर महिनाभर अंबादास ते बिल्ले धोतराच्या सोग्यात बांधून सदरभर हिंडला. पाववाला, चहावाला, वाणी, सगळ्यांपुढे बिल्ला धरायचा आणि विचारायचा, "हे चालते का?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "नाही चालत." बहीण पावाशिवायच सासरी गेली. अंबादास मरेपर्यंत हे सांगत राहिला. सांगताना तो साहेबाला कधी शिवी देत नसे. फक्त म्हणायचा, "पितळ चांगलं होतं, पोरा. माणूस खोटा निघाला."

मोतीरामने एक पितळी बिल्ला हातात घेऊन बायकोला दाखवला.

"मी बिल्ले काढतो. पण माहा बिल्ला बंद नाही पडणार. मी मेलो तरी तू चालवजो."

"आधी काढा तर," सत्यभामा म्हणाली. "मरायचं मंग पाहू."

सत्यभामेचा मोठा भाऊ गुलाबराव महाराजपुरात राहायचा. घराच्या पडवीत बसून तो नावाच्या पाट्या ठोकायचा, चाव्या करायचा. त्याच्याकडे अक्षरांचे लोखंडी ठसे होते. मोतीरामने तेलाच्या डब्यांचा पत्रा नेऊन दिला. म्हणाला, एवढे एवढे गोल काप, वर लिही 'सुट्टे', खाली 'मो.', म्हणजे मोतीराम. एक बिल्ला म्हणजे आठ आणे.

आठ दिवसांनी गुलाबराव दोनशे बिल्ले पिशवीत घेऊन आला. मोतीरामने एक उचलला, उजेडात धरला.

"गुलाबभाऊ, हे काय? 'सुट्टा'?"

"मात्रा तुटली न, जवाईबापू. 'मेश्राम निवास' ठोकून राहिलो होतो, तिथंच गेली. काना होता, काना लावला. 'मो'चा ठसा येगळा, थो वाचला."

"पण म्या 'सुट्टे' सांगतलं होतं."

"अठन्नी किती? एक. मंग एक असला तर सुट्टा, दोन झाले तर सुट्टे. व्याकरण आहे हे. चौथीत नव्हतं का तुमाले?"

मोतीराम चौथीत हिंदी शाळेत होता. त्याने मान डोलावली. दोनशे पत्र्याच्या चकत्यांवर गुलाबरावाच्या व्याकरणाने 'सुट्टा, मो.' असं पक्कं ठोकलेलं होतं. गुलाबराव तंबाखू खायचा, पण ओढत नसे. सत्यभामेला विचारायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे त्या घरात हिंदीतल्या सुट्ट्याचा अर्थ माहीत असलेलं एकही माणूस नव्हतं. सुट्टा म्हणजे झुरका. सुट्टा मारणे म्हणजे बिडी-सिगरेट ओढणे. छावणीतल्या नव्या रंगरूटालाही हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

पहिला बिल्ला एका पंजाबी हवालदाराला गेला. त्याने चहा घेतला, रुपयाची नोट दिली. मोतीरामने थाटात बिल्ला पुढे केला. हवालदाराने तो वाचला, मोतीरामकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं.

"ओए मोतीराम! तू भी सुट्टा देने लगा?"

"देना पड़ता है जी. अभी तो सब दे रहे हैं."

"वाह! और पाटी?"

"पाटी अपनी जगह है," मोतीराम म्हणाला. त्याला वाटलं, हवालदार 'उधार मना है'बद्दल विचारतोय.

हवालदार हसत हसत रस्ता ओलांडून समोर गेला. समोर छिद्दीलाल चौरसियाचा पानठेला होता. हवालदाराने बिल्ला ठेल्यावर आपटला. "मोतीराम का सुट्टा है. दे."

छिद्दीने बिल्ला वाचला आणि चक्रावून समोर हॉटेलकडे पाहिलं. गल्ल्यावर मोतीराम बसला होता. आपला बिल्ला हवालदार बाजारभर कौतुकाने दाखवतोय असं वाटून मोतीरामने छाती फुगवली आणि छिद्दीकडे पाहून जोरजोरात मान डोलावली.

करार पक्का झाला. छिद्दीने आठ आण्यांच्या बिड्या काढून दिल्या.

त्या दिवसापासून छिद्दीच्या मनात मोतीरामबद्दल आदर दाटून आला. वीस वर्षं समोरासमोर दुकान, आणि हा माणूस रोज खडूने आपल्या धंद्याविरुद्ध लिहितो. तोच आता गुपचूप आपल्याकडे गिऱ्हाइकं पाठवतोय! उघड बोलता येत नसेल बिचाऱ्याला, विहारातली माणसं आहेत, इज्जतीचा प्रश्न आहे. छिद्दीनेही मग उघड काही म्हटलं नाही. बिल्ला आला की घ्यायचा, बिडी द्यायची, बिल्ला पिशवीत टाकायचा. होळी झाली की एकदमच हिशेब करू, असं त्याने ठरवलं. आल्यागेल्या शिपायाला तो डोळा मारून सांगायचा, "मोतीराम भैया की तरफ़ से."

इकडे दोनशे बिल्ले तीन आठवड्यांत संपले. मोतीरामने आणखी दोनशे करून आणले. सुरुवातीला दिवसाला पाच-सहा तरी बिल्ले चहासाठी परत यायचे. पुढे एकही परत येईना.

"पाह्यलं?" तो बायकोला म्हणाला. "लोकं माहे बिल्ले साठवून राहिले. भरोसा आहे भरोसा! जसा बाबानं साहेबावर ठेवला होता."

"साठवून नाही राहिले, हरवून राहिले," सत्यभामा कांदा चिरत म्हणाली. "पत्र्याचा तुकडा कोन साठवते, बाप्पा?"

"तुले नाही समजत. हे बँकेसारखं असते."

रोज सकाळी साडेआठला भय्यासाहेब येत. भय्यासाहेब म्हणजे रिटायर झालेले कोर्टाचे बाबू. त्यांचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं. मराठी स्वच्छ, कडक इस्त्रीची, पण मधूनच तिला जबलपूरचा डाग पडायचा. ते तर्री न घालता पोहे खायचे, म्हणून सत्यभामा त्यांना माणसांत मोजत नसे.

"मोतीराम, हे जे तुम्ही चालवलं आहे ना," ते बिल्ला चिमटीत धरून म्हणाले, "हा गुन्हा आहे. इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे. धातूचा बिल्ला पैशासारखा चालवता येत नाही."

"पैशासारखा कुठं, भय्यासाहेब? हा पोह्यासारखा चालते."

"म्हणजे?"

"म्हणजे याचे पैसे मी देतच नाही. चहा देतो, पोहे देतो. खाऊन टाकला की संपला."

भय्यासाहेबांनी जरा विचार केला. "अच्छा. हे कोर्टात टिकेल," ते म्हणाले आणि बिल्ला जपून कोटाच्या खिशात घातला. "तरी रोख कधी देऊ नका. रोख दिलेत की फसलात."

होळी झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छिद्दीलाल आंघोळ करून, नवा कुर्ता घालून, कानामागे गुलाल तसाच ठेवून रस्ता ओलांडून आला. हातात कापडी पिशवी. ती त्याने गल्ल्यावर उपडी केली. खणखण करत पत्र्याचा ढीग पडला.

"गिन लो भैया. तीन सौ छिहत्तर हैं. एक सौ अट्ठासी रुपए."

मोतीरामचा चेहरा आनंदाने उजळला. "छिद्दीभाऊ! इतने! तुम साठा रहे थे?"

"साठा क्या रहे थे, जो आता गया सो रखते गए. तुम्हारा नाम था, हमने किसी को ना नहीं बोला. माँगने वाले को दो बीड़ी ऊपर से दीं."

"बीड़ी?"

"तो और क्या? सुट्टा लिखा है तो बीड़ी ही देंगे, पान थोड़े देंगे!"

बाकड्यावरचा एक शिपाई हसता हसता चहात शिंकला. मोतीरामने ढिगातला एक बिल्ला उचलून पुन्हा वाचला. मग हळूहळू त्याला सगळं समजत गेलं. 'ओए, तू भी?' समजलं. डोळा मारणं समजलं. तीन महिने सदर बाजारात, छावणीत, सिहोऱ्याच्या बसमध्ये मोतीराम गजभियेच्या नावाने बिडी ओढली जात होती. त्याने खडूने गिरवलेल्या पाटीकडे पाहिलं. 'बाहर भी.'

"गुलाबभाऊचं व्याकरण!" तो एवढंच म्हणाला.

"तो भैया, पैसे?" छिद्दी म्हणाला. "बिटिया का ब्याह है बैसाख में. मनीषा का. इसीलिए तो जोड़ रखे थे."

मोतीरामने तोंड उघडलं. 'नाही चालत' हे शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले आणि तिथेच थांबले. त्याच्या डोळ्यांपुढे सदतीस बिल्ले सोग्यात बांधून हिंडणारा बाप उभा राहिला. त्याने तोंड मिटलं. पैसे द्यायला गल्ल्यात हात घातला, तर सहावा नियम आडवा आला. हे पैसे म्हणजे बिडीचे पैसे. हात तसाच बाहेर आला. एकदा हात आत, एकदा बाहेर, असं तीन-चार वेळा झालं.

"तबीयत ठीक है भैया?" छिद्दीने विचारलं.

"कल आओ," मोतीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा म्हणाला, "कल आओ." तिसऱ्या दिवशी बाजारात कुजबुज सुरू झाली की मोतीरामचा बिल्ला बुडाला. ज्यांच्याकडे पाच-दहा उरले होते ते पोरंटोरं घेऊन चहा प्यायला धावले. खुद्द भय्यासाहेबांनी कोटाच्या खिशातून सात बिल्ले काढून एकाच वेळी साडेतीन प्लेट पोहे मागितले. साडेतीन प्लेट खाऊन झाल्यावर मात्र ते जड आवाजात कामाचं बोलले.

"रोख देऊ नका, मोतीराम. मी तुम्हाला आधीच म्हणालो होतो. कायदा तुमच्या बाजूने आहे. सरळ नाही म्हणून टाका."

"कायदा माह्या बाजूनं आहे, भय्यासाहेब. पण बाबा नाही न."

मागून सत्यभामेने झारा भट्टीवर आपटला. "काहून डोकं खाऊन राहिले? तुम्हीच म्हटलं न भय्यासाहेबाले? हा पोह्यासारखा चालते. मंग चालवा पोह्यासारखा! छिद्दीनं बिड्या देल्या हे त्याचं. तुम्ही पोहे द्या, हे तुमचं. त्यात बिडीचा पैसा कुठून आला?"

मोतीराम गल्ल्यावरून उठला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन ओरडला, "छिद्दीभाऊ! माहा बिल्ला चालते! पूरा चालते! दो बिल्ले, एक प्लेट. जब मर्जी आओ."

छिद्दीला आधी पटेना. "अरे, तीन सौ छिहत्तर का पोहा हम अकेले खाएँगे?"

"भाभी को लाओ."

छिद्दी आणि त्याची बायको शकु चार दिवस रोज सकाळी आले. रोज दोन प्लेट, रोज चार बिल्ले. चारच दिवसांत सोळा बिल्ले संपले आणि छिद्दीच्या पोटाला तर्री भारी पडली. पाचव्या दिवशी तो ठेल्यावर पोटावर हात ठेवून बसला होता. शकुने त्याला तिथूनच सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सुनावलं.

"बारात को सबेरे का नाश्ता देना है कि नई देना? हलवाई को पैसे देते फिरोगे, और इधर तीन सौ साठ चकतियाँ थैली में सड़ा रहे! अकल कहाँ बेच दई?"

छिद्दी उठून रस्ता ओलांडून आला. "भैया, ब्याह की सबेरे बारात तुम्हारे यहाँ नाश्ता करेगी. सिहोरा से आ रहे हैं. डेढ़ सौ आदमी."

"तीनशे साठ बिल्ले म्हणजे एकशे ऐंशी प्लेट," मोतीराम म्हणाला. "या. सब आओ."

"बीड़ी-ऊड़ी तो पी लेने दोगे बारातियों को?"

मोतीरामने पाटीकडे बोट दाखवलं.

"हओ," छिद्दी म्हणाला आणि सुस्कारा टाकून गेला.

वैशाखात लग्न झालं. सकाळी सहालाच सत्यभामेने तीन पातेली पोहे भिजवले. गुलाबरावाला महाराजपुराहून बोलावून कांदे चिरायला बसवलं होतं, शिक्षा म्हणून. तो रडत रडत चिरत होता आणि अजूनही म्हणत होता, "एकवचनात सुट्टाच होते." आठला बारात आली. छिद्दीने प्रत्येकाच्या हातात दोन-दोन चकत्या दिल्या होत्या. फेटे बांधलेली, डोळ्यांत झोप असलेली माणसं रांगेत उभी राहिली आणि चकत्या वाचू लागली.

"सुट्टा! अरे वाह, समधी ने सुट्टे का इंतज़ाम किया है!"

"इधर नहीं," मोतीराम ओरडला. "इधर पोहा मिलेगा! सुट्टा मतलब पोहा!"

पहिल्या घासाला सिहोऱ्याने नाक पुसलं. दुसऱ्या घासाला देव आठवला. एक म्हातारा बाराती उठून मोतीरामच्या पाया पडायला निघाला असं वाटलं, पण तो पाणी शोधत होता हे मागून कळलं. तिसऱ्या घासाला मात्र सगळे गप्प झाले आणि नुसता प्लेटांचा आवाज ऐकू यायला लागला. मोतीराम एकेक बिल्ला घेऊन डब्यात टाकत होता. टण, टण. प्रत्येक टणला त्याचा चेहरा थोडा हलका होत होता.

एकशे ऐंशी प्लेट झाल्या. डब्यात तीनशे साठ बिल्ले पडले. मोतीरामने झाकण लावलं आणि हुश्श केलं.

रांगेत अजून चौदा माणसं होती.

छिद्दी धावत आला, घामाघूम. "डेढ़ सौ बोला था भैया, एक सौ चौरानबे ले आए! पूरा सिहोरा उठा लाए!"

"असू दे," मोतीराम म्हणाला. "चौदा प्लेट मेरी तरफ़ से. मनीषा बेटी के लिए." आणि रांगेकडे वळून, "आओ जी, बैठो, तुमको ऐसेच मिलेगा."

झालं उलटंच. नवऱ्या मुलाचा मामा, गळ्यात झेंडूची माळ, मिशा वळवत पुढे आला.

"ऐसे ही? ऐसे ही क्यों? हमारे एक सौ अस्सी आदमियों ने टिकट देकर खाया और ये चौदह मुफ़्त का खाएँगे? ये हमारे फूफा हैं! भिखारी हैं का?"

"अरे, वैसा नहीं जी."

"टिकट दो! टिकट होगा तो खाएँगे. नहीं तो बारात जैसी आई वैसी जाएगी."

छिद्दीचा चेहरा पांढरा पडला. शकुने लांबून कपाळावर हात मारला. मोतीरामने डब्याचं झाकण पुन्हा उघडलं, त्यातलेच अठ्ठावीस काढून द्यायला. मामाने तेही पाहिलं. "जूठे टिकट? जो एक बार चल गए, वो हमारे फूफा को?"

रांगेतले चौदा जण आता हाताची घडी घालून उभे होते. सगळ्यांत पुढे फूफा, म्हणजे आत्याचा नवरा. ऐंशीच्या घरातला, काठी टेकलेला, पोटात भूक आणि चेहऱ्यावर मान.

सत्यभामा भट्टीवरून उठली. पदराला हात पुसत आत गेली आणि चहाचा जुना डबा घेऊन आली. मोतीराम काही म्हणायच्या आत तिने झाकण काढलं आणि एकेकाच्या हातात एकेक पितळी बिल्ला ठेवत रांगेच्या टोकापर्यंत गेली. चौदा. मग डबा काखेत मारून परत भट्टीपाशी बसली.

"ये हुआ टिकट!" मामा म्हणाला. "देखो, पीतल का है. फूफा का अलग है, इज्जत वाला."

फूफा काठी टेकत गल्ल्यापाशी आला. बिल्ला त्याने आधी स्वतःच्या डोळ्यांजवळ नेला. त्यावर इंग्रजी, ते काही त्याला वाचता येईना. त्याला शंका आली. त्याने तो मोतीरामपुढे धरला आणि हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं,

"ये चलता है का?"

मोतीरामने बिल्ला हातात घेतला. त्याच्या बोटांना पितळ थंड लागलं. पितळ चांगलं होतं. त्याने तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मागे मामा मिशीला पीळ देत वाट पाहत होता.

"चलता है," मोतीराम म्हणाला. मग उभा राहून पुन्हा म्हणाला, सगळ्या सदरला ऐकू जाईल असं. "काहून नाही चालत? चालते! पहिल्या दिवसापासून चालते! सत्यभामे, एक प्लेट. शेव जास्त टाक."

टण. पितळेचा आवाज पत्र्यापेक्षा खोल आला.

फूफाने बाकड्यावर बसून पोहे खाल्ले. नाक पुसलं, डोळे पुसले. मागे तेरा जण तेरा बिल्ले देऊन खाली बसले. मोतीराम एकेक बिल्ला घेत होता आणि प्रत्येकाला, न विचारता, सांगत होता, "चलता है. चलता है."

फूफाचं खाऊन झालं. त्याने प्लेट चाटून स्वच्छ केली, ढेकर दिली, बंडीच्या खिशातून एक बिडी काढली, ओठांत धरली आणि काडीसाठी मोतीरामपुढे हात पसरला.

"और ये?"

"वो नहीं चलता," मोतीराम म्हणाला. "बाहर भी."